मोकळा बाजार म्हणजे नेमकं काय मोकळं?



शरद जोशींचं नाव काढलं की आपल्याकडं दोन प्रकारची माणसं बोलायला लागतात. एक, ज्यांच्या घरात अजून कुठंतरी खुंटीला नाहीतर जुन्या सदऱ्याला संघटनेचा लाल बिल्ला आहे. त्यांना साहेबांची सभा आठवते, तुरुंग आठवतो, भाकरीची पेंडकी आठवतात. दुसरी तिशीच्या आतली. त्यांनी जोशींना पाहिलेलं नाही, त्यांना एवढंच माहीत की हा माणूस खुल्या बाजाराच्या बाजूनं होता. माझा पुतण्या दुसऱ्यातला. कृषी पदवीधर आहे, माती परीक्षणाचा कागद माझ्यापेक्षा चांगला वाचतो. तो मला म्हणाला, "काका, खुला बाजार म्हणजे तालमीत न गेलेल्या माणसाला पैलवानाशी कुस्ती लावून देणं. आपल्याला हमीभावाचा कायदा पाहिजे, मोकळीक नको."

पोरगं बोललं त्यात खोटं काही नाही. पण अर्धंच बोललं. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, ह्या उरलेल्या अर्ध्याची आहे. जरा लांबणार आहे, बैलगाडीनं जाऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शरद जोशी मूळचे शेतकरी नव्हते. जन्म साताऱ्याचा, ३ सप्टेंबर १९३५. अर्थशास्त्र शिकलेले, टपाल खात्यात मोठे अधिकारी, नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती चांगली चाललेली नोकरी सोडून सत्तरच्या दशकाच्या शेवटाला परत आले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन कसायला लागले. तिथं त्यांनी जे केलं ते आपण पिढ्यान्‌पिढ्या केलं नव्हतं. वहीत हिशोब लिहिला. सगळा. आणि हिशोब कितीही फिरवला तरी शेती तोट्यातच निघते हे दिसल्यावर त्यांनी प्रश्न उलटा केला. शेतकरी आळशी आहे, अडाणी आहे, लग्नात उधळतो, दारू पितो म्हणून गरीब आहे असं सगळे सांगत होते. ते म्हणाले, नाही, भाव पाडला जातो म्हणून गरीब आहे. आणि तो आपोआप पडत नाही, पाडला जातो.

एवढा एकच विचार. बाकी सगळं त्याच्यातून निघालं. चाकणचा कांदा, १९८० चं नाशिकचं ऊस-कांदा आंदोलन, १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा आमच्या गावच्या भिंतींवर मी लहानपणी वाचली. तेव्हा दाम म्हणजे काय ते कळत नव्हतं, भीक कळत होती.

आता हिशोबाचंच बघा. मागच्या उन्हाळ कांद्याची माझी वही समोर आहे. एकरी नांगरट-रोटर साडेपाच हजार, बी आणि रोपाची निगा नऊ हजार, लागवडीची मजुरी तेरा हजार, खतं साडेचौदा हजार, फवारण्या नऊ हजार, निंदणी आणि तणनाशक सहा हजार, पाणी-वीज तीन हजार, काढणी-कापणी पंधरा हजार, चाळीपर्यंत वाहतूक आणि भरणी सहा हजार. झाले ८१ हजार. एकशे दहा क्विंटल चाळीत टाकला. पाच महिन्यांनी सड, वजनघट, कोंब आलेला, सगळं जाऊन ७७ क्विंटल हर्राशीला गेला. म्हणजे क्विंटलला १,०५२ रुपये खर्च. आपल्यातले बहुतेक जण इथं थांबतात. बाराशे भाव मिळाला की दीडशे सुटले म्हणतात आणि चहा पाजतात.

पण जमिनीचा खंड कुणी धरला? आमच्याकडं बागायत एकर वीस हजारानं खंडानं जाते. मी आणि मंडळी, दोघांनी त्या एकरात जे दिवस घातले त्याची मजुरी कमीत कमी पंधरा हजार. दुसऱ्याच्या शेतात गेलो असतो तर रोख मिळाले असते. हे धरलं की ८१ चे १ लाख १६ हजार होतात आणि क्विंटलला खर्च येतो १,५०६. अजून पैशाचं व्याज धरलं नाही, गारपिटीची जोखीम धरली नाही. बाराशेला विकून चहा पाजणारा माणूस स्वतःच्या खिशातून तीनशे रुपये क्विंटलमागं वाटत असतो. त्याला माहीतच नसतं.

हे ओळखायला कुठला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही, वही लागते. अर्थशास्त्रज्ञ लागतो तो पुढच्या प्रश्नाला. भाव पडतो का आणि पाडतं कोण?

पुतण्याचं उत्तर तयार आहे: व्यापारी. आणि व्यापारी काही साधुसंत नाही, हे मी त्याच्यापेक्षा जास्त जाणतो. पण डिसेंबर २०२३ आठवा. ७ आणि ८ डिसेंबर, त्या दोन दिवसांत दिल्लीहून तीन कागद निघाले. एका कागदानं कांद्याची निर्यात ३१ मार्चपर्यंत बंद झाली. दुसऱ्यानं साखर कारखान्यांना उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई झाली. तिसऱ्यानं पिवळा वाटाणा परदेशातून विनाशुल्क आत यायला मोकळा झाला. कांदेवाल्याचं बाहेर जायचं दार बंद, ऊसवाल्याचं एक गिऱ्हाईक कमी आणि हरभरा-तूरवाल्याच्या अंगावर बाहेरचा माल. तिन्ही पिकं वेगळी, तिन्ही खाती वेगळी, पण तिघांचं काम एकच होतं. ह्यात कुठला अडत्या होता?

कांद्याचं तर वेळापत्रकच लिहून ठेवलंय मी. १९ ऑगस्ट २०२३, निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी ८०० डॉलर टन किमान निर्यात मूल्य. डिसेंबरात पूर्ण बंदी. मार्चमध्ये मुदत संपायच्या आत बंदी पुढं ढकलली. ४ मे २०२४ ला, निवडणूक चालू असताना, बंदी उठली पण ५५० डॉलर आणि ४० टक्के राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. त्याच महिन्यात सरकार शहरात ३५ रुपये किलोनं साठ्यातला कांदा विकत होतं. १ एप्रिल २०२५ ला शुल्क शून्य झालं. तोपर्यंत उन्हाळ कांदा निघायला लागला होता आणि भाव आपोआपच खाली होता.

वीस महिन्यांत इतक्या वेळा नियम बदलले. ह्याचा परिणाम फक्त बंदीच्या दिवशी होतो असं समजू नका. जास्त नुकसान बंदी नसलेल्या दिवशी होतं. हे मला एका निर्यातीचा माल भरणाऱ्या माणसानं समजावलं. तो म्हणाला, मी आज तुमच्याकडून माल घेतो, तो बंदरावर पोचायला आठवडा, जहाजात चढायला अजून चार दिवस. तेवढ्यात कागद निघाला तर माझा कंटेनर उभ्या उभ्या सडतो. मग मी आजच्या हर्राशीत ती जोखीम कापूनच बोली लावणार ना? म्हणजे सरकारनं बंदी घातली तरी माझा भाव कमी आणि 'घालील' एवढी भीती असली तरी कमी. ही भीतीची कपात कुठल्याच काटापट्टीवर छापलेली नसते. हमाली दिसते, तोलाई दिसते, ही दिसत नाही.

आणि बाहेरचं गिऱ्हाईक तर माणूसच आहे. एक वर्ष दिला, दुसऱ्या वर्षी मधूनच बंद केला, तर तो दुसरा दुकानदार बघतो. आपण नाही का बघत?

शरद जोशींचं म्हणणं हेच होतं, फक्त त्यांनी ते आकड्यांत मांडलं. जगभर सरकारं शेतकऱ्याला सबसिडी देतात आणि आपल्याकडं उलटी पट्टी आहे, उणे सबसिडी. खताला, विजेला दिल्यासारखं दाखवायचं आणि भाव पाडून त्याच्या कितीतरी पट काढून घ्यायचं. लोकांना हे भाषण वाटायचं. पण जागतिक व्यापार कराराच्या वेळी आपल्याच सरकारनं १९८६-८८ चा हिशोब दिला, त्यात पिकांना मिळणारा आधार उणे २४,४४२ कोटी रुपये निघाला. उणे. खत-पाणी-विजेची मदत ४,५८१ कोटी. ती वजा केली तरी शेतकऱ्याकडून निघून गेलेले साधारण १९ हजार ८०० कोटी. त्या काळातले रुपये! हा कागद संघटनेनं छापलेला नाही. अगदी अलीकडं, २०१८ मध्ये, ओईसीडी आणि इक्रियर ह्या दोन संस्थांनी मिळून अभ्यास केला, तेव्हा २००० ते २०१६ ह्या काळात भारतातल्या शेतकऱ्याच्या जमेत सरासरी १४ टक्के उणे निघाले. शंभराचा माल, त्यातले चौदा धोरणानं गेले असं समजा.

म्हणून डंकेल प्रस्तावाच्या वेळी सगळे पक्ष, डावे-उजवे, रस्त्यावर विरोधात होते आणि एकटे जोशी बाजूनं उभे राहिले. त्या वेळी त्यांना काय काय बोलले लोक! माझ्या वडिलांनी बिल्ला लावलेला, पण त्यांनाही ते पटलं नव्हतं. "साहेब आता गोऱ्यांचे झाले" असं म्हणायचे. मला वाटतं वडिलांना एक गोष्ट कळत होती पण बोलता येत नव्हती. कालपर्यंत सरकारला रास्त भाव मागणारा माणूस आज सरकारच नको म्हणतोय, हे जुळत कसं?

जुळतं, पण जरा विचार करावा लागतो. ऐंशी साली दारं सगळी बंद होती. दार बंद करून ठेवलंय तर निदान आतला भाव तरी खर्चाप्रमाणं द्या, ही मागणी. नव्वदनंतर दारं उघडायची शक्यता दिसली, तर तुम्ही भाव नका देऊ, नुसतं दार सोडा. मागणारा माणूस तोच. व्ही. पी. सिंगांच्या काळात, १९९० ला, ते केंद्राच्या कृषी सल्लागार समितीचे अध्यक्ष होते. आत बसून बघितलं त्यांनी. त्यानंतर त्यांचा सरकारवरचा भरवसा वाढलेला काही दिसला नाही.

आपल्या मराठवाड्याला बंद दार काय असतं ते वेगळं सांगायला नको. चाळिशीच्या वरच्यांनी कापूस एकाधिकार खरेदी पाहिलीय. १९७१ चा कायदा, १९७२ पासून योजना. महाराष्ट्रातला कापूस फक्त सरकारी केंद्रावर, दुसऱ्याला विकला तर गुन्हा. राज्याच्या सीमेवर कापसाची गाडी पकडायला माणसं बसवलेली, जणू पोत्यात गांजा आहे. मी वडिलांसोबत बैलगाडी घेऊन आमच्याकडच्या एका केंद्रावर रांगेत झोपलोय. पहाटे दव पडलं की कापसाला गोणपाट घालायचं, आपल्या अंगावर काही का नसेना. मग प्रतवारी, मग चुकारा, मग दुसरा हप्ता. योजना शेतकऱ्याला व्यापाऱ्यापासून वाचवायला काढली होती. हेतू चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण ज्या वर्षी शेजारच्या राज्यात भाव जास्त असायचा त्या वर्षी कुंपणच शेत राखायच्या नावाखाली आपल्याला आत कोंडून ठेवायचं. संघटनेनं तेव्हा कापूस सीमेपार न्यायची आंदोलनं केली. आपलाच माल आपल्याच देशात दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला आंदोलन! आज पोरांना सांगितलं तर हसतात.

आज खेडा खरेदीवाला दारात गाडी घेऊन येतो, जिनिंगवाला फोनवर भाव सांगतो, सीसीआयचं केंद्र आहे. कापूस विकायची चार दारं आहेत. ती सगळी चांगली आहेत का? नाहीत. पण एका दारात अपमान झाला तर दुसऱ्या दारात जाता येतं. मला मोकळीक म्हणजे एवढंच कळतं. जास्त भाव मिळण्याची खात्री त्यात कुठं आहे? नाहीच. एकाला 'नाही' म्हणून दुसऱ्याकडं जाता येतं, बस.

हायेक नावाचा एक अर्थशास्त्रज्ञ होऊन गेला, १९७४ ला नोबेल मिळालेला. दहावी पास माणसानं त्याचं नाव घेऊ नये, पण त्याचं एक म्हणणं मला शिबिरात ऐकल्यापासून विसरता आलं नाही. तो म्हणतो, भाव ही नुसती रक्कम नाही, भाव हा निरोप आहे. नाशिककडं गारपीट झाली, मला दिसली नाही. गुजरातेत लागवड वाढली, मला कुणी सांगितलं नाही. पण लासूरच्या हर्राशीत भाव हलला की ते सगळं माझ्यापर्यंत येऊन पोचलेलं असतं. कांदा काढ, ठेव, पुढच्या वर्षी अर्धा एकर कमी कर, एवढं सगळं त्या एका आकड्यात. दिल्लीतल्या कुठल्याही साहेबाकडं, कितीही हुशार असो, एवढ्या शेतांची माहिती एकत्र नसते. आणि भाव मुद्दाम दाबला की निरोप खोटा होतो. मग आपण खोट्या निरोपावर पेरा करतो.

तूर आठवते का? २०१५-१६ ला डाळ महागली म्हणून बोंब झाली, पेरा वाढवा म्हणाले. आपण वाढवला. पाऊसही झाला. २०१७ ला तूर इतकी झाली की ठेवायला जागा नव्हती. हमीभाव बोनससकट ५,०५० आणि बाजार त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्रांपुढं रांगा, बारदाना संपला, केंद्र बंद. आणि त्या वेळी डाळीच्या निर्यातीवर २००६ पासूनची बंदी तशीच होती! देशात तूर सांडतेय आणि बाहेर न्यायला मनाई. ती तुरीवरची बंदी उठली सप्टेंबर २०१७ ला, तोपर्यंत लहान शेतकऱ्याची तूर विकून झाली होती.

ह्यावर पुतण्या म्हणतो, म्हणूनच कायदा पाहिजे, हमीभावाच्या खाली खरेदी केली की शिक्षा. मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. एक, हमीभाव जाहीर होतो २२ पिकांना, उसाचं एफआरपी वेगळं. आपल्या जिल्ह्यात पैसा कशात फिरतो? खुलताबाद-कन्नड-फुलंब्रीकडं अद्रक, पैठणकडं मोसंबी, वैजापूर-गंगापूरकडं कांदा, सिल्लोडकडं मिरची. ह्यातल्या एकाचंही नाव त्या यादीत नाही. दुसरी गोष्ट, व्यापाऱ्याला शिक्षा होईल म्हणून तो खरेदीच करणार नाही, त्या दिवशी माझी मका कोण घेणार? सरकारला सगळी घ्यायला जमत नाही हे तुरीनं दाखवलं. पोरगं गप्प बसलं नाही, आजकालची बसत नाहीत. म्हणालं, "मग मका अठराशेनं गेली तेव्हा तुमचा हायेक आला होता का?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. सरकारनं २०२५-२६ ला मक्याचा हमीभाव २,४०० सांगितला आणि ओली मका घेऊन उभा असलेला माणूस अठराशेला देऊन मोकळा होतो, हे मी डोळ्यांनी बघतो. वाळवायला जागा नाही, ठेवायला गोदाम नाही, किराणा-खताची उधारी दारात. अशा माणसाला 'नाही' म्हणायचं स्वातंत्र्य कागदावरच असतं.

इथं मी संघटनेच्या जुन्या लोकांशीही भांडतो. मोकळ्या बाजाराला ताकद लागते, आणि ती ताकद म्हणजे गोदाम, तारण कर्ज, वाळवणी आणि खरा काटा. शेतमाल गोदामात ठेवून पावतीवर कर्ज मिळालं की माणूस महिनाभर थांबू शकतो. थांबू शकणारा माणूसच बाजारात माणूस असतो, बाकीचे नुसते माल.

आणि मोकळा बाजार म्हणजे बिनकायद्याचा बाजार असं जे काही जण समजतात, तेही चूक. आमच्याच शिवारात एका वर्षी एक बाहेरचा मका खरेदीदार आला. भाव पन्नास रुपये जास्त, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख. मग उधारीवर अकरा जणांची मका भरून गेला तो गेलाच. फोन बंद. चिठ्ठीवर सही होती, ती कुणाची ते अजून कळलं नाही. इथं सरकार पाहिजे. काटा तपासायला पाहिजे, करार मोडणाऱ्याला पकडायला पाहिजे, चुकारा बुडवणाऱ्याची मालमत्ता विकायला पाहिजे. माझं म्हणणं असं आहे की सरकार जिथं पाहिजे तिथं सापडत नाही आणि जिथं नको तिथं ठाण मांडून बसलेलं आहे. काटा तपासायला माणूस नाही, पण कांद्याचा साठा किती हे मोजायला माणूस येतो.

साठ्याचं निघालं म्हणून सांगतो. आवश्यक वस्तू कायदा १९५५ चा. २०२० च्या जूनमध्ये वटहुकूम निघाला की कांदा-बटाटा, डाळी, तेलबिया ह्यातून बाहेर. युद्ध, दुष्काळ नाहीतर भाव फारच चढले तरच बंधन. आम्ही पेढे वाटले नाहीत पण बरं वाटलं. त्याचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं १५ सप्टेंबर २०२० ला. आणि कांद्याची निर्यात बंद झाली १४ सप्टेंबर २०२० ला. तारखा परत वाचा. एका हातानं बेडी काढायचा ठराव आणि आदल्या दिवशी दुसऱ्या हातानं कुलूप. मग पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीला बसले, जानेवारीत सुप्रीम कोर्टानं कायदे थांबवले, समिती नेमली. त्या समितीत संघटनेचे अनिल घनवट होते. अहवाल मार्च २०२१ ला गेला. नोव्हेंबरात कायदेच मागं घेतले. ज्यांनी ते कायदे आणले त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता, असं माझं मत आहे. विश्वास असता तर १४ सप्टेंबर झाला नसता. पंजाबच्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याचा गहू-भात सरकार घेतं, तो ते का सोडील? आपली कथा वेगळी आहे, आणि आपली बाजू कुणी मांडली नाही हे खरं दुःख.

एक प्रश्न मला मजुरीला येणाऱ्या एका मावशीनं विचारला, तो पुतण्यापेक्षा अवघड होता. ती म्हणाली, "दादा, तुमचा कांदा महाग झाला तर आम्ही काय खायचं?" तिला मी हायेक सांगितला नाही. पण उत्तर आहे. गरिबाला स्वस्त द्यायचंच असेल तर सगळ्यांच्या करातून द्या, तिच्या खात्यात टाका, रेशनवर द्या. माझ्या एकट्याच्या चाळीतून का? स्वस्त कांदा त्या मावशीसोबत शहरातल्या बंगल्यालाही जातो, आणि त्याचे पैसे कोण भरतं, तर दोन एकरवाला. आणि माझा कांदा पडला की मी पहिली काटछाट मजुरीत करतो. मावशीला तेही माहीत आहे, म्हणून तिनं पुढं काही विचारलं नाही, खुरपं उचललं.

हेच उलट्या बाजूनंही लागू आहे. मक्याला इथेनॉलची मागणी आली तेव्हा आपल्याला बरं वाटलं, आणि कोंबडीवाले ओरडायला लागले की खाद्य महाग झालं, बाहेरून मका आणू द्या. आपण मोकळा बाजार म्हणतो तर त्यांना काय म्हणणार? मी तरी म्हणेन, येऊ द्या, पण मग माझं जाणंही कायमचं मोकळं ठेवा. ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, ऐन वेचणीच्या तोंडावर. बाहेरून येताना बाजार मोकळा आणि बाहेर जाताना बंद, ह्याला मोकळा बाजार म्हणत असतील तर जोशी साहेबांनी असला बाजार कधी मागितला नव्हता. आणि ह्याचं पाप त्यांच्या डोक्यावर टाकू नये.

जोशींच्या बाकी गोष्टींवर एकदा वेगळं लिहीन. बियाण्याचं स्वातंत्र्य हा मोठा विषय आहे. बीटीच्या वेळी ते गुजरातच्या शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले, २००२ ला परवानगी आली. आज गुलाबी बोंडअळीनं बीटीचं काय केलं ते आपण रोज बोंड फोडून बघतो. स्वातंत्र्य मिळालं म्हणजे बियाणं अमर होत नाही, पण नवं बियाणं तपासून वापरायची परवानगीच अडकून पडली की जुन्यावरच फवारत बसावं लागतं. साखर कारखान्यांच्या पंचवीस किलोमीटरच्या अंतराचं आहे. सीलिंगचं आहे, त्यावर आपल्या अंबाजोगाईचे अमर हबीब किसानपुत्र आंदोलनातून सातत्यानं बोलतात, ते ऐका.

एक मात्र इथंच सांगतो. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला बायकांचं अधिवेशन झालं, आणि नंतर लक्ष्मीमुक्ती निघाली. साहेब म्हणाले, सरकारकडं घामाचे दाम मागता, तुमच्या घरात जी राबते तिचे दाम कुणी द्यायचे? जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. गावोगाव लोकांनी केला. आमच्या वडिलांनीही एक एकर आईच्या नावावर केला, भाऊबंद हसले. डंकेल न पटलेला माणूस हे मात्र पटवून घेऊन आला. १९९१ ला शेगावला जी चतुरंग शेती मांडली, सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती, निर्यातशेती, त्यात पहिलं नाव बाईचं होतं. त्या एकराच्या सातबाऱ्यावर आता माझ्या मंडळीचं नाव आहे. त्यात काय लावायचं ते ती ठरवते. मी कांदा म्हणालो होतो, तिनं लसूण लावला. तिच्या हिशोबाची वही वेगळी आहे आणि ती मला दाखवत नाही.

आता कामाचं. कृषी विभागातल्या आणि विद्यापीठातल्या जाणकारांना विनंती, उन्हाळ कांद्याची पाच महिन्यांची घट आमच्याकडं तीस टक्के निघाली, ती पंधरावर आणायला चाळीत हवा खेळती ठेवण्याचं काय वेगळं करता येईल ते सांगा. मी पंचवीस टनाची चाळ बांधणार होतो. अनुदान धरूनही बरेच पैसे घरचे घालावे लागतात. कांदा ठेवून भाव वाढायची वाट बघायची आणि भाव वाढला की कागद निघायचा, मग पंचवीस टन कशाच्या भरवशावर भरायचे? घरात बोलून पंधरा टनाची ठरवली आहे. पाया ह्या पंधरवड्यात खणायला घेतोय, दक्षिण-उत्तर लांबी धरून. उरलेल्या पैशातून मका वाळवायला सिमेंटचा ओटा करतोय, शेजारच्या दोघांनाही तो वापरता येईल. पुतण्याला ओटा पटला आहे. त्यानं ओलावा मोजायचं यंत्र मागवलं, येत्या मंगळवारी येईल.